साडेबारा टक्के

महाप्याच्या एमआयडीसीत, रंगाच्या बंद कारखान्यामागे
दुसऱ्या मजल्यावर आमची लॅब.
सदतीस अंशांवर राखलेल्या कपाटात
पारदर्शक रबराच्या पट्टीवर
मी मज्जातंतू वाढवते.
तीन आठवड्यांत ते एकमेकांना शोधतात,
मोड आलेल्या वालांच्या शेपट्या
फडक्यात गुंतून बसतात, तसे.
मग मी पट्टी मशीनला लावते
आणि ओढते.

पाच टक्के. काही नाही.
आठ. पडद्यावर एक हिरवा ठिपका जागा होतो,
शेजारच्याला उठवतो.
दुपारी शिळफाट्याकडे डंपर गेला
की टेबल थरथरतं, सगळेच ठिपके दचकतात.
वहीत त्या ओळीपुढे मी लिहिते: डंपर.

साडेबारा हा आकडा टाकताना
दर वेळी हसू येतं.
रेजीला कळत नाही का ते.
तो चेंगन्नूरचा, त्याला काय सांगू,
आमच्या गोठिवलीत हा आकडा
पोरांना पाढ्यांच्या आधी येतो.
जमीन गेली, साडेबारा टक्के परत मिळणार,
ह्या एका वाक्यावर बाबा म्हातारे झाले.
फाइलचा नंबर त्यांना तोंडपाठ आहे.
माझी जन्मतारीख विचारली तर आईकडे बघतात.

आईला तारीख नाही, खांदा आठवतो.
डोकं आलं, खांदा अडकला,
लाईट गेलेले, खाडीचं पाणी वाटेवर चढलेलं.
बामासुईणीनं ओढलं.
"नसती वढली त दोगी बी गेल्या आसत्या,"
आई अजून तिची बाजू घेते,
जणू मी कुठे तक्रार केली आहे.
माझा डावा हात आत वळलेला राहिला, एवढंच.
वरच्या फळीवरचे खोके
रेजी न विचारता काढून देतो.

सबनीसबाई म्हणतात, किती ओढलं ते नंतर,
आधी किती वेळात ते लिही.
साडेबारा टक्के
पापणी लवायच्या आत दिले
तर तंतूवर आधी मणी दिसतात,
आणि मग मण्यांमधला दोरा जातो.
तेच दहा दिवसांत दिले
तर तो तुटत नाही, पातळही होत नाही.
आतून नवं सूत काढून
लांब होतो.

परवानगीच्या फॉर्मवर रकाना आहे:
नमुन्याला वेदना होते का?
मी 'नाही' लिहिते. खरंच होत नाही.
नुसती बातमी धावते इकडून तिकडे,
आणि घर नाही, जिथे ती पोचावी.

रविवारी बामाकडे गेले.
पडवीत सुकट पाखडत होती. डोळे गेलेत,
हातांवरून वय कळत नाही.
विचारलं, तेव्हा किती जोरात ओढलंस?
किती सेकंद?
"मोजाला कोनाला टाईम व्हता गो?"
मग सूप बाजूला ठेवलं,
माझं डावं मनगट चाचपून धरलं, म्हणाली,
"आसा." आणि दाखवू लागली.

मला वाटलं होतं हिसका असेल.
ती जाळ्यात अडकलेला खेकडा सोडवतात
तशी ओढत होती, थांबत, पुन्हा थोडं,
तोंडानं काहीतरी पुटपुटत,
कदाचित तेव्हाचंच.
अंगठ्याला माझ्या काही कळत नाही.
करंगळीला कळलं: खरखरीत, कोमट,
सुकटीचा वास.
मी मनात एक, दोन मोजत होते,
सातच्या पुढे राहून गेलं.
दाखवून झालं तरी तिनं हात सोडला नाही.
मीही काढून घेतला नाही.
सुपातली सुकट मांजरानं नेली.

सोमवारी नमुना क्रमांक एकतीस लावला.
ताण: साडेबारा.
रेजी म्हणाला, मॅडम, वेग?
मशीन सुरू व्हायला थांबलेलं,
पडद्यावर चौकोनात रेघ लुकलुकत होती.
खालून एक डंपर गेला.
मी म्हटलं, थांब जरा,
आठवते आहे.